नाथालीनबाईंचा तिसरा दिवस

दवाखाना माझा होता. पाटीवर नाव माझं, भिंतीवर टांगलेलं सर्टिफिकेट माझं, आणि टेबलामागच्या खुर्चीत बसायचोही मीच. पण अंधेरी स्टेशनबाहेर टांगेवाल्याला माझं नाव सांगितलं की तो डोकं खाजवायचा, आणि ‘नाथालीनबाईंचा दवाखाना’ म्हटलं की पुढचं काही विचारायचा नाही. पेशंट दारातून डोकावून विचारायचे, बाई आहेत का? नसल्या तर बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आत एक एम.बी.बी.एस. झालेला माणूस गळ्यात स्टेथोस्कोप घालून रिकामा बसलाय, याचं कुणाला काही वाटत नसे. पहिले सहा महिने मला फार राग आला. नंतर मीही बाई येईपर्यंत अवघड केसला हात लावेनासा झालो.

बाई माझ्याकडे नर्स होत्या. शिक्षण म्हणाल तर एका मिशनच्या इस्पितळात आठ वर्षं आयाचं काम. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, बांधा पिंपासारखा, अंगावर गुडघ्याखाली येणारं लाल चौकड्यांचं लुगडं आणि त्यावर मी दिलेला पांढरा एप्रन. एप्रन त्या फक्त पोलीस किंवा पाहुणे आले तर घालायच्या. मला ‘डॉक्टर’ म्हणायच्या, पण अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं हे माझं पाळण्यातलं नाव असेल.

दवाखान्यामागं त्यांचं गावठाण. मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, दोन पिढ्या भातशेती करून आता निम्मे गिरणीत आणि गोदीत लागलेले. लग्नाची दारू घरी गाळायची, हा तिथला जुना रिवाज. पन्नासच्या सुमाराला दारूबंदी आली तेव्हा गावानं तिचं मनापासून स्वागत केलं, कारण अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतचं सगळं गिऱ्हाईक एकदम गावात यायला लागलं. ज्या भट्ट्या पूर्वी लग्नापुरत्या पेटायच्या त्या बारमाही झाल्या. आणि जे घरात तयार होतं ते घरातली माणसं चाखणारच.

माझ्याकडे त्यामुळे पिणारे पेशंट पुष्कळ. केसपेपरवर मात्र ‘दारू’ हा शब्द लिहायची सोय नव्हती. बाईंनी सगळ्यांना ‘पोटदुखी’ लावून टाकली होती. आमचे कागद कुणी तपासले असते तर या गावच्या विहिरीत काहीतरी भयंकर आहे असं समजून त्यानं ती बुजवली असती.

बाईंचं खरं कर्तृत्व कळायला मला राखेचा बुधवार उजाडावा लागला. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास त्या दिवशी सुरू होतो. त्याआधीचे तीन-चार दिवस इंत्रूजचे, म्हणजे खायचे, प्यायचे, एकमेकांना रंग फासायचे. मंगळवारपर्यंत गावातले पुरुष घसा कोरडा पडू द्यायचे नाहीत. बुधवारी सकाळी कपाळावर राख लावून घ्यायची आणि देवासमोर शब्द द्यायचा, ईस्टरपर्यंत थेंब घेणार नाही. आणि घ्यायचे नाहीत. पिण्यात जेवढे पक्के तेवढेच शब्दाला.

वाट लागायची ती इथंच. रोज बाटलीभर पिणाऱ्यानं दारू एका झटक्यात तोडली तर पहिला दिवस कुरकुरत निघतो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, अन्न आत राहत नाही. तिसऱ्या दिवशी फिट येते, भिंतीवर मुंग्या दिसायला लागतात, आणि एखादा माणूस जातो. हे सगळं आमच्या पुस्तकात दीड पानात होतं. ते दीड पान मी परीक्षेला ऑप्शनला टाकलं होतं. गावात त्याचं वेगळं शास्त्र होतं. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी सैतान उपास मोडायला येतो, असं लोक म्हणायचे. जो थरथरतो त्याच्याशी सैतान झुंजतोय, आणि जो मेला तो जिंकून सरळ स्वर्गात गेला.

“सैतान बियतान काय नाय,” बाई मला म्हणाल्या. “तिसरा दिवस हाय तो. तिसऱ्या दिवसाला घरात घ्यायचाच नाय.”

घरात न घेण्याची त्यांची रीत अशी. उपासाच्या तीन आठवडे आधी पिणाऱ्यांची त्या स्वतः घरोघर जाऊन उचलबांगडी करायच्या. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला बाकावर हजर. बाईंच्या हातात औंसाचा ग्लास आणि लाल मिक्श्चरच्या बाटल्यांवर आम्ही लावायचो तशी, खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली एक बाटली. बाटलीवर लिहिलेलं ‘टिंक्चर’. प्रत्येकाला त्याचं माप द्यायचं, समोर प्यायला लावायचं, तोंड उघडून दाखवायला लावायचं. दर दिवशी माप थोडं कमी, पाणी थोडं जास्त. राखेचा बुधवार येईपर्यंत ग्लासात नुसतं पाणी राहायचं, आणि माणूस वेदीसमोर उभा राहून शब्द द्यायला मोकळा. मध्ये मी बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं आणि ग्लुकोज द्यायचो, म्हणजे दवाखान्यात माझंही काही काम असल्यासारखं दिसे.

टिंक्चर कुठून येतं हे मी एकदाच विचारलं. बाईंनी माझ्याकडे इतकं प्रेमानं पाहिलं की मी परत विचारलं नाही. मी कायदा पाळणारा माणूस आहे. त्यामुळे सहा वाजले की मला इराण्याकडे चहा प्यायला जावंसं वाटायचं.

कुणाचं माप कधी उतरवायचं हे ठरवायला बाई नाडी बघत नसत. पेशंटच्या हातात काठोकाठ चहा भरलेली कपबशी द्यायची आणि त्याला दवाखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावायचं. बशीत किती सांडला ते बघून उद्याचं माप. बशी कोरडी राहिली तर तो चहा त्याचा. मी हा प्रकार विलायतेहून आलेल्या माझ्या एका डॉक्टर मित्राला गमतीनं सांगितला. तो हसला नाही. त्यानं स्वतःच्या वॉर्डात करून पाहिला आणि मला कळवलं की तिथली कपबशी फुटली.

फादरांना हा कारभार पसंत नव्हता. देवासाठी सोडायची तर एकदम सोडावी, मापं कसली मोजता, असं त्यांचं म्हणणं. ते बोलायला म्हणून दवाखान्यात आले तेव्हा बाईंनी एप्रन घातला. “फादर, घोडागाडी थांबवायची तर लगाम हळूहळू वडतात,” त्या म्हणाल्या. “तुमी चाकात काठी घालता.” फादर भले गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि सांगितलं की आपण काही पाहिलेलं नाही. त्या गावात न पाहणाऱ्यांची संख्या फार मोठी होती.

आमच्याकडे एक सरळमार्गी औषधही होतं, पॅराल्डिहाइड. फार थरथरणाऱ्याला ते दिलं की झोप लागते आणि फिट टळते. पण त्याचा वास! सडलेलं फळ स्पिरिटमध्ये बुडवून वर रॉकेल ओतावं तसा, आणि घेणाऱ्याच्या तोंडाला दिवसभर. दुमिंग नावाच्या एका गवंड्याला आम्ही ते देऊन घरी पाठवलं, आणि वाटेत हवालदारानं तोंडाचा वास घेऊन त्याला चौकीत नेऊन बसवलं. बिचारा दोन दिवस थेंब न पिता पकडला गेला होता. बाई बाटली घेऊन चौकीत गेल्या, मी मागोमाग. जमादार नुकता डबा उघडून बसला होता. बाईंनी बूच काढून बाटली त्याच्या नाकाखाली धरली.

“ह्यो वास दारूचा असता,” त्या म्हणाल्या, “तर आमच्या गावात एक बी माणूस प्याला नसता.”

जमादारानं डबा बंद केला आणि दुमिंगला सोडलं. पुढच्याच महिन्यात तो स्वतः साध्या कपड्यात आमच्या बाकावर येऊन बसला. पोटदुखी म्हणाला.

हे सगळं बाईंना कुणी शिकवलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, बँडेजच्या घड्या घालता घालता. त्यांचा नवरा सालू. प्यायचा, आणि प्यायल्यावर गोड बोलायचा, हीच त्याची मोठी खोड. एका राखेच्या बुधवारी बाईंनी त्याच्याकडून शपथ घेतली आणि घरातली शेवटची बाटली स्वतःच्या हातानं मोरीत ओतली. शुक्रवारी त्याला पाच फिट आल्या. दुपारी तो गेला. मयताला सगळं गाव लोटलं. सालू उपासात मेला, शब्दासाठी मेला, म्हणून बायका नाथालीनबाईंचे हात हातात घेऊन त्यांना भाग्यवान म्हणाल्या. “मी त्याला मारला, आन् त्या मना भाग्यवान बोलत व्हत्या,” बाई म्हणाल्या, आणि घडी चुकली म्हणून बँडेज उलगडून पुन्हा घालायला लागल्या.  

सालूचा धाकटा भाऊ इनास. सुतारकाम करायचा आणि गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. लग्नात पहिल्या दोन गाण्यांपर्यंत सुरात, पुढं अंदाजानं. बाईंच्या बाकाला तो नेहमी नाक मुरडायचा. एका वर्षी उपासाच्या तोंडावर त्याची एकुलती मुलगी रोजी टायफॉइडनं जायला टेकली. इनासनं वेदीसमोर नवस केला की पोरगी जगली तर आयुष्यात थेंब घेणार नाही. पोरगी मंगळवारी डोळे उघडून पेज मागायला लागली. बुधवारी इनासनं राख लावली आणि दारू तोडली.

शुक्रवारी दुपारी त्याच्या बायकोनं आम्हाला बोलावलं. इनास घामानं निथळत होता आणि चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या एकेक करून चिमटीत पकडून खाली टाकत होता. सकाळी एक फिट येऊन गेली होती. मी इस्पितळाचं नाव काढलं. तिथं ब्रँडी देतात म्हणून त्यानं दाराची चौकट धरून ठेवली. मेलो तर मेलो म्हणाला, पण थेंब गेला तर देव रोजीला परत नेईल. आणि माझ्याकडे पॅराल्डिहाइड उरलं होतं बाटलीच्या तळाशी बोटभर. नवीन आणायला फोर्टात जावं लागायचं.

बाई ती बाटली घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि ग्लास घेऊन आल्या. सगळ्या घरात पॅराल्डिहाइडचा वास सुटला. इनासनं त्यांचं मनगट पकडलं.

“वैनी, ह्यात दारू नाय ना? सालूची शपथ घे.”

बाईंनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला. “सालूची शपथ. थेंब नाय.”

तो गटागटा प्याला. मी रिकामा ग्लास हुंगला. औषध वासापुरतं होतं. बाकी सगळं टिंक्चर. मी बाईंकडे पाहिलं, बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. संध्याकाळी दुसरं माप झाल्यावर इनास झोपला. अकरा दिवस बाई सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे माप उतरवत गेल्या, आणि बाराव्या दिवशी इनास स्वतःच्या पायानं चालत देवळात गेला. कोरडा ठणठणीत. रस्त्यानं परत येताना एकदा मी शपथेचा विषय काढला. सालू वर बसून हसत असेल, असं बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र हसणाऱ्या माणसाचा नव्हता.

इनास त्यानंतर खरोखरच प्याला नाही. ईस्टरला सगळं गाव चाळीस दिवसांची भरपाई करत असताना तो एका बाजूला सरबत पीत बसला. कॉर्नेट शेवटच्या गाण्यापर्यंत सुरात यायला लागली. रोजीला नवे कपडे शिवले. एक वाईट सवय तेवढी लागली, बोलण्याची. मला मापं लागली नाहीत, बाक लागला नाही, मी तिसऱ्या दिवशी सैतानाला छातीवर घेतलं, हे तो भेटेल त्याला सांगायचा. फादरांनी देवळात त्याचं उदाहरण दिलं. दारुड्यापेक्षा सुधारलेला दारुडा माणसाचं डोकं जास्त खातो, हे माझं जुनं मत आहे. पण हा माणूस एक वर्ष कोरडा होता आणि त्याची पोरगी हसत शाळेत जात होती, हेही मी रोज पाहत होतो.

पुढच्या वर्षी उपासाला तीन आठवडे राहिले आणि आमचा बाक रिकामा. बाई ग्लास धुऊन बसून राहिल्या. दोन दिवसांनी कळलं की नेहमीचे सात जण यंदा इनासच्या मागं आहेत. मंगळवारपर्यंत प्यायचं, बुधवारी एकदम तोडायची, इनासनं तोडली तशी. त्यात दुमिंग गवंडीही होता, त्याचं काळीज मी ऐकलेलं होतं, तो दुसरा दिवस काढता तरी पुष्कळ.

बाई आधी इनासकडे गेल्या. त्याला काही न सांगता, त्या सातांना बाकावर पाठव, एवढंच म्हणाल्या. वैनीला माझं चांगलं बघवत नाही, असं तो म्हणाला. मग बाई माझ्याकडे आल्या, आणि मी फार शहाणपणाचा सल्ला दिला. सांगू नका म्हटलं. त्याची सगळी इमारत त्या नवसावर उभी आहे, ती पाडलीत तर तो परत प्यायला लागेल. सातांना आपण पॅराल्डिहाइड देऊ.

“सात जनांना? एका दिवशी?” बाई म्हणाल्या. “आन् ते घेतील? इनास तर सांगत सुटलाय, काय बी घेतला नाय म्हनून.”

इनासला वाचवायचं की त्या सातांना, एवढाच प्रश्न होता, आणि तो मला कुणी विचारलेला नव्हता. मी सुटलो म्हणून मनातून मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी संध्याकाळी गावच्या क्रुसापुढं प्रार्थना असायची. बाईंनी मला सोबत चला म्हटलं. प्रार्थना संपली, लोक उठायला लागले तेव्हा बाई पुढं झाल्या. एप्रन घातला होता.

“इनासनं गेल्या साली एकदम सोडली नाय,” त्या म्हणाल्या. “मी त्याला अकरा दिवस दारू पाजली. औषध बोलून पाजली. सालूची खोटी शपथ घेतली, क्रूस हातात धरून. त्याचा काय गुन्हा नाय, त्याला ठाव नव्हता. डॉक्टरला इचारा.”

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. माझ्या सगळ्या डॉक्टरकीत एवढं उपयोगी काम मी दुसरं केलं नसेल.

“आन् सालू स्वर्गात गेला तो शब्दापायी नाय. मी त्याची बाटली वतली म्हनून गेला. एक माप दिला असता तर आज इथं हुबा असता. आता तुमी सात जन बघा.”

इनास रोजीचा हात धरून उभा होता. त्यानं आधी पोरीकडे पाहिलं. बाई त्याच्यासमोर जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, “अकरा दिवस प्यालास, इनास. आन् देवानं रोजीला काय केला? काय नाय केला. जिती हाय.” इनासनं पोरीचा हात सोडला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाकावर सहा जण होते. सातवा दुमिंग, त्याला बायकोनं साडेसातला ढकलत आणला. त्या वर्षीचा शुक्रवार गावात कुणाला आठवतही नसेल, कारण त्या दिवशी काही घडलं नाही.

इनासबद्दल मात्र माझा शहाणपणा खरा ठरला. त्याच आठवड्यात तो प्यायला लागला, आणि पहिल्यापेक्षा जास्त. ईस्टर गेला तरी चालूच. सुतारकाम सुटलं. तो बाईंशी बोलेना, आणि बाईंचं नाव काढलं तर जेवणावरून उठायचा. आणि बाई रोज सकाळ-संध्याकाळ बाटली आणि ग्लास घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसायला लागल्या. दार बंद. अर्धा तास बसायच्या, उठून यायच्या. मी एकदा म्हटलं, त्याला नको असेल तर कशाला जाता? तेव्हा बाई पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. मी चाकात काठी घातली तेव्हा लगाम पण मीच धरणार, म्हणाल्या.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी मला मुलुंडच्या एका कारखान्यात डॉक्टरची जागा मिळाली. दवाखाना मी माझ्या एका ओळखीच्या डॉक्टरकडे सोपवला, म्हणजे पाटी बदलली. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला मी गावात गेलो. साडेपाच-सहाची वेळ, गल्लीत माणसांची ये-जा होती. बाई इनासच्या ओट्यावर नेहमीसारख्या बसल्या होत्या. मी जवळ पोचणार तेवढ्यात दार वीतभर उघडलं. आतून फक्त हात बाहेर आला. इतका थरथरत होता की कडी वाजत होती.

“ह्यात काय हाय?” आतून इनास म्हणाला.

“दारू,” बाई म्हणाल्या. दारूबंदीच्या राज्यात, भर गल्लीत, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “सहा औंस दारू हाय, इनास. बाकी पानी. उद्या साडेपाच औंस. शपथ नाय घेत. वास घेऊन बघ.”

हात तसाच बाहेर राहिला. बाईंनी त्यात ग्लास ठेवला, आणि सांडू नये म्हणून आपला हात त्याच्या मनगटाखाली धरला. मी थोडा वेळ थांबलो. पण ते माप संपायला वेळ लागणार होता, आणि दोघांचेही हात गुंतलेले होते, म्हणून मी निरोप न घेताच स्टेशनकडे निघालो.